एक खोली भाड्याने, घर बँकेकडे गहाण

प्रश्न : ऐरोलीत आमचा टू बीएचके आहे, कार्पेट 600 चौरस फूट. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, कर्जात मिस्टर सहकर्जदार आहेत आणि हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून जातो. वर्षाला साधारण 3 लाख 20 हजार रुपये नुसतं व्याज जातं. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून अटॅच्ड बाथरूमची एक बेडरूम रिकामी आहे. जवळच्या आयटी पार्कात नोकरी करणारी एक मुलगी महिना 14,000 रुपये भाडं आणि 50,000 डिपॉझिट द्यायला तयार आहे. तिला रात्रीचा डबाही हवाय, त्याचे वेगळे 3,500 देईन म्हणते. शिवाय ऑफिसात दाखवायला तिला भाड्याच्या पावत्या हव्या आहेत. मिस्टर म्हणतात, रोख घ्यायचे, करारबिरार नको, बँकेला तर मुळीच कळवायचं नाही. आणि अगदीच वेळ आली तर भाडं त्यांच्या खात्यात घेऊ, कारण त्यांना फारसा कर लागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आत्ताच महिना 1,000 रुपये नॉन-ऑक्युपन्सी (सभासद स्वतः राहत नसेल तर लागणारं शुल्क) मागताहेत. मी नव्या करपद्धतीत आहे, वीस टक्क्यांच्या टप्प्यात. काय करावं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी कराचं बघू. सगळी लपवाछपवी त्याच्याच धास्तीने चालली आहे, आणि तुमच्या बाबतीत हा कर धास्ती घ्यावी एवढा मोठा नाही.

स्वतः राहत असलेल्या घरातली एक खोली भाड्याने दिली की आयकराच्या दृष्टीने त्या घराचे दोन भाग पडतात : राहता आणि भाड्याचा. भाड्याच्या भागाचं उत्पन्न ‘घरापासूनचं उत्पन्न’ म्हणून मोजायचं. त्यातून त्या भागापुरता मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, खर्च झालेला असो वा नसो, पावती लागत नाही. मग त्या भागाच्या वाट्याचं कर्जाचं व्याज वजा होतं. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला काहीच सवलत नाही, भाड्याच्या भागाच्या व्याजाला मात्र आहे. म्हणजे आज वाया जाणाऱ्या 3 लाख 20 हजारांपैकी काही भाग खोली दिल्यामुळेच कामी येणार.

हा भाग किती? बेडरूम आणि तिचं बाथरूम मिळून 150 चौरस फूट धरले तर 600 पैकी 25 टक्के. वर्षाचं भाडं 1,68,000. मालमत्ता कराचं वर्षाचं बिल 8,000 धरू, त्याचा पाव हिस्सा 2,000. उरले 1,66,000. त्याचे 30 टक्के, म्हणजे 49,800 गेले; राहिले 1,16,200. व्याजाचा पाव हिस्सा 80,000 वजा केला की करपात्र रक्कम उरते 36,200. वीस टक्क्यांनी 7,240, वर 4 टक्के सेस. एकूण 7,530 रुपये. वर्षाचे 1,68,000 हातात येताना सरकारला जाणारे हे एवढेच. हे टप्पे 2025-26 चे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, 30 टक्के आणि व्याजाचा हा हिशोब तोच राहिला.

यात तीन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं, मालमत्ता कर त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला असेल तरच वजा होतो. थकवलेल्या बिलाला वजावट नाही. दुसरं, सोसायटीचा मेंटेनन्स, एजंटची दलाली, रंगकाम, नवा गीझर, यातलं काहीही वेगळं वजा होत नाही. ते सगळं त्या 30 टक्क्यांत आलं. तिसरं म्हणजे टक्केवारी फुगवणं. ‘हॉल आणि किचनही ती वापरते, मग अर्धं घर भाड्याचं दाखवू’ असा सल्ला कुणीतरी देईलच. करारात जी जागा फक्त तिच्या वापरासाठी लिहिली आहे तेवढीच मोजा, असं आमचं मत. वादात टिकतं ते कराराच्या कागदावरचं माप. शिवाय तुमच्या आकड्यांत वाटा 36 टक्क्यांच्या आसपास गेला की भाड्याचं उत्पन्न शून्यावर येतं. त्यापुढे दिसणारा तोटा नव्या पद्धतीत पगारातून वळता करता येत नाही, म्हणजे फुगवूनही फायदा शून्य.

जुन्या पद्धतीत असतात तर? राहत्या घराच्या व्याजाला तिथे 2 लाखांची मर्यादा आहे, म्हणजे 3 लाख 20 हजारांतले 1 लाख 20 हजार आज फुकट जातात. खोली दिल्यावर राहत्या भागाच्या वाट्याला 2 लाख 40 हजार येतील, त्यातले 2 लाख चालतील, आणि 80,000 भाड्यातून वेगळे वजा होतील. मुद्दलाची दीड लाखांपर्यंतची वजावटही तिथेच. दोन्ही पद्धतींचे आकडे एकदा सीएकडून शेजारी शेजारी मांडून घ्या, पण खोली दिल्याने गणित बिघडेल ही भीती कुठल्याच पद्धतीत खरी नाही.

आता मिस्टरांचं खातं. भाड्यावर कर लागतो तो घराच्या मालकाला. पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले याला महत्त्व नाही. मालक तुम्ही एकट्या आहात. ते कर्जात सहकर्जदार आहेत म्हणून मालक होत नाहीत. भाडं त्यांच्या खात्यात गेलं तरी उत्पन्न तुमचंच, वर व्याजाची वजावट मागताना ‘भाडं कुठे आहे?’ हा प्रश्न उभा राहणार. तुमच्याच खात्यात घ्या, शक्यतो ज्यातून हप्ता जातो त्याच.

आणि लपवायचं ठरवलं तरी ते लपणार नाही. ती मुलगी पावत्या मागतेय याचा अर्थ ती जुन्या पद्धतीत असून घरभाडे भत्त्याची सूट घेतेय. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं की तिला आपल्या कंपनीकडे घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. महिना 14,000 म्हणजे ती मर्यादा केव्हाच ओलांडली. कंपनी तो पॅन आपल्या टीडीएस विवरणपत्रात भरते. तुमच्या विवरणपत्रात भाडं नसेल तर दोन्हीकडचा मेळ बसत नाही आणि नोटीस येते. दडवलेल्या उत्पन्नावर कराच्या निम्मा दंड, जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर दुप्पट, शिवाय व्याज. साडेसात हजारांसाठी हे कशाला ओढवून घ्यायचं?

विवरणपत्र आयटीआर-2 मध्ये भरा. राहता भाग आणि भाड्याचा भाग दोन वेगळ्या नोंदी म्हणून दाखवायची पद्धत आहे, व्याज दोघांत 75 आणि 25 असं विभागून. बँकेकडून 31 मार्चनंतरचं अंतिम व्याज प्रमाणपत्र घ्या. जानेवारीत मिळतं ते अंदाजाचं असतं आणि मध्ये व्याजदर बदलला की आकडा चुकतो. अगाऊ कराचीही तुम्हाला चिंता नको : पगारातला टीडीएस वजा जाता देणं 10,000 च्या आत असेल तर तो लागत नाही. तरी कंपनीच्या पेरोलला हे उत्पन्न कळवून ठेवलंत तर कर दरमहा पगारातूनच कापला जाईल आणि जुलैत एकदम भरावा लागणार नाही.

डबा मात्र या सगळ्यातून बाहेर काढा. भाडं आणि जेवण मिळून 17,500 अशी एकच पावती दिलीत तर ते निव्वळ घरभाडं आहे की सेवेसकट राहण्याची सोय, हा वाद निघू शकतो. आणि ते ‘इतर उत्पन्न’ ठरलं तर 30 टक्क्यांची वजावट गेली. करारात फक्त 14,000 लिहा. डब्याचे 3,500 वेगळे घ्या, वेगळी नोंद ठेवा, किराणा-भाजी-गॅसचा तिच्या वाट्याचा खर्च वहीत लिहा आणि उरेल ती रक्कम इतर उत्पन्नात दाखवा. एका माणसाच्या डब्यात उरून उरतं किती, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

विजेचंही तसंच. ‘वीज धरून 14,000’ असं कधी करू नका, कारण मग पूर्ण 14,000 भाडं ठरतं आणि वीजबिलाची वेगळी वजावट नाही. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर सहज 6 ते 9 युनिट जातात, महिन्याला 180 ते 270. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. तुमचं आजचं बिल अडीचशे युनिटचं असेल तर तिचा एसी तुम्हाला थेट पुढच्या टप्प्यात नेऊन बसवतो आणि ‘वीजबिल अर्धं अर्धं’ हा तोंडी ठराव मे महिन्यात मोडतो. खोलीच्या लाइनवर सब-मीटर बसवून घ्या. महिन्याचं एकूण बिल भागिले एकूण युनिट, गुणिले सब-मीटरची युनिट : हे सूत्र करारात लिहून टाका. झालेल्या खर्चापेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका, ग्राहकाला वीज विकायची परवानगी नसते.

बँकेकडे वळू. कर्ज मंजूर होताना तुम्ही सही केलेला जाडजूड करार बाहेर काढा आणि ‘लेट’, ‘लायसन्स’ किंवा ‘पार्ट विथ पझेशन’ हे शब्द शोधा. बहुतेक करारांत अशी अट असते की बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर किंवा त्याचा कुठलाही भाग भाड्याने, परवान्यावर (म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर : भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरतं राहू देणं) किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण टाकणाऱ्याला घर भाड्याने देण्याचा मर्यादित अधिकार आहे खरा, पण गहाणाच्या करारात उलट लिहिलं असेल तर करार चालतो. बँकेला भीती असते ती एकच : उद्या हप्ते थकले आणि घर विकायची वेळ आली तर आत हक्क सांगणारा भाडेकरू निघू नये. मालक स्वतः घरात राहतोय आणि एक खोली 11 महिन्यांच्या नोंदणीकृत परवान्यावर आहे, एवढ्यावरून व्याजदर वाढवण्याचं बँकेला सहसा कारण नसतं.

म्हणून कर्जखातं असलेल्या शाखेला एका पानाचं पत्र द्या. कर्ज खाते क्रमांक, घराचा पत्ता, ‘मी व कुटुंबीय याच घरात राहत असून राहणार आहोत’ हे वाक्य, दिलेल्या खोलीचं वर्णन आणि चौरस फूट, मुदत, भाडं, करार लिव्ह अँड लायसन्स असून त्याने कोणताही भाडेहक्क निर्माण होत नाही ही ओळ, आणि शेवटी ना-हरकत देण्याची विनंती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. काउंटरवरचा माणूस ‘याची गरज नाही’ म्हणाला तर तेच ईमेलवर मागा. कर्जाच्या करारात संमतीची अट असेल तर उत्तर येईपर्यंत खोलीची किल्ली देऊ नका. न कळवता दिली तर लगेच काही होत नाही, आणि म्हणूनच लोक कळवत नाहीत. पुढे टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घ्यायला किंवा दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायला गेलात की घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर घरी येतो, अहवालात ‘ताबा कोणाकडे’ असा रकाना असतो, आणि आत एक अनोळखी मुलगी लॅपटॉपवर काम करताना दिसते. उलट नोंदणीकृत करार आणि खात्यात दरमहा येणारं भाडं दाखवता आलं तर टॉप-अपच्या वेळी ते तुमच्याच बाजूने मोजलं जाऊ शकतं. घराचा विमा असेल तर विमा कंपनीलाही एक ईमेल टाका.

करार न करण्याचा विचार सोडूनच द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून बोचणारी तरतूद पुढची : करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्या माणसाचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. ती म्हणाली 6,000 ठरले होते, तर 6,000.

काही जण मधला मार्ग काढतात : कागदावर 8,000, बाकीचे रोख. म्हणजे वर्षाचे 96,000 होतात आणि पॅन द्यावा लागत नाही. हा मार्ग सगळ्यात वाईट. मुदत संपूनही परवानाधारकाने जागा सोडली नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते, आणि ती दुप्पट कागदावरच्या आठ हजारांची होते. इथे एक बारकावा आहे. मालक स्वतः राहत असलेल्या जागेचा भाग घेणाऱ्याला हा कायदा पेइंग गेस्ट म्हणतो आणि परवानाधारकाच्या व्याख्येतून बाहेर ठेवतो. त्यामुळे कलम 24 तुम्हाला लागू आहे का, असा फाटा समोरचा वकील फोडू शकतो. त्यावर उपाय करारातच : खोली नेमकी कोणती, घराचा ताबा व मुख्य किल्ली मालकाकडेच, खोलीची दुसरी किल्लीही मालकाकडे, 11 महिने, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाशिवाय एकही दिवस राहायचं नाही. मुदत उलटून गेल्यावर ‘करू पुढच्या आठवड्यात’ म्हणत भाडं घेत राहणं, हीच खरी अडचणीची सुरुवात असते.

नोंदणी ऑनलाइन होते. दोघींचा आधार, पॅन, फोटो, अंगठा आणि घराच्या इंडेक्स-2 ची (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा वीजबिलाची प्रत. मूळ कागद बँकेत असले तरी अडत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे धरलेलं व्याज, यावर पाव टक्का. 14,000 गुणिले 11 म्हणजे 1,54,000. 50,000 वर अकरा महिन्यांचे 4,583. पाव टक्का जेमतेम 400 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी एजंटची फी, तो सांगेल त्यावर घासाघीस करा. फर्निचरची यादी परिशिष्टात जोडा, पण त्याचं वेगळं भाडं लावू नका. भाडेकरूची माहिती नवी मुंबई पोलिसांना द्या आणि तिची पोच जपून ठेवा.

डिपॉझिट बँकेतूनच घ्या. 20,000 किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने घेतली तर घेतली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणजे 50,000 वर 50,000. परत देतानाही हाच नियम. परत करायचं डिपॉझिट उत्पन्नात धरत नाहीत. त्यातून काही कापून घेतलंत तर ती कापलेली रक्कम का कापली ते लिहून ठेवा. महिना 50,000 च्या आतल्या भाड्यावर तिने टीडीएस कापायचा प्रश्न नाही, आणि राहण्यासाठी एका व्यक्तीला दिलेल्या खोलीला जीएसटीही नाही. करार तिच्या कंपनीच्या नावावर करायचा आग्रह झाला तर मात्र सही करण्याआधी सीएला विचारा.

सेक्रेटरींचे 1,000 रुपये कुठून आले ते त्यांनाच लेखी विचारा. राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशोबात धरायचे नाहीत. तुमच्या बिलात सेवा शुल्क 2,800 असेल तर कमाल 280. पण मुळात हे शुल्क सभासद स्वतः राहत नसलेल्या सदनिकेसाठी आहे. तुम्ही तर तिथेच राहता, त्यामुळे आमच्या मते ते लागूच होत नाही. सोसायटीला तुम्ही आधी लेखी सूचना द्यायची, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांची पोच. तरीही बिलात रक्कम आली तर ‘निषेध नोंदवून’ असं लिहून भरा, म्हणजे थकबाकीदारांच्या यादीत नाव लागणार नाही, आणि सिडको क्षेत्राच्या सहकारी संस्था सहनिबंधकांकडे अर्ज करा. सिडकोच्या लीजच्या जमिनीचा बाऊ कुणी केला तर लक्ष देऊ नका, खोली परवान्यावर देणं म्हणजे हस्तांतरण नव्हे. घर सिडकोच्या सोडतीतलं असेल तर मात्र वाटपपत्रातल्या अटी एकदा वाचा.

क्रम असा ठेवा : आज बँकेला पत्र, मग कराराचा मसुदा तिला वाचायला, नोंदणी, पोलिस, सोसायटी, आणि डिपॉझिट खात्यात आल्यावर किल्ली. तिला 1 तारखेपासून यायचं असेल तर बँकेचं पत्र त्याच्या तीन आठवडे तरी आधी गेलेलं बरं. पावत्या देताना तुमचा पॅन त्यावर स्वतः लिहा आणि प्रत्येक पावतीवर भाड्याचे 14,000 तेवढेच दाखवा. डबा आणि वीज त्यात मिसळू नका.